खिलारचा वंश कागदावर कसा आणायचा?

प्रश्न : सांगोला तालुक्यात माझ्या दावणीला पाच खिलार गाई आहेत. चार वर्षांपूर्वी खरसुंडीच्या पौषी यात्रेतून एक आदत (दुधाच्या दातांचा) खोंड आणला. नावाजलेल्या शर्यतीच्या बैलाचा नातू आहे, असं व्यापाऱ्याने सांगितलं होतं. आता तो जुळला, म्हणजे त्याचे सगळे दात आले. त्याच्यापासून घरच्या गाईंना तीन वासरं झाली, गावातल्या गाईही त्याच्याकडे येतात. मधेअधे डॉक्टरांकडून कांडी (गोठवलेल्या रेताची नळी) भरून घेतली. वळूपासूनची थोरली कालवड अडीच वर्षांची झाली, परवा माजावर आली. तिला हाच वळू दाखवला तर रक्त पक्कं होतं, असं जाणते म्हणतात. मोबाइलवर अमेरिकेतल्या अँगस वळूंचे लिलाव बघतो. प्रत्येकाचा कागद असतो, आई-बाप, आजा-पणजा, वजनं सगळं छापलेलं. खिलारचं तसं करून विकता येईल का? गिऱ्हाईक 'आटपाडीचंच (त्या भागातल्या खिलार वंशाचंच) कशावरून' म्हणतं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं.
– एक वाचक, ता. सांगोला

उत्तर : आधी कालवडीचं बोलू, कारण परवाचा माज गेला असला तरी साधारण २१ दिवसांनी ती परत माजावर येणार, आणि तेव्हा वळू त्याच गोठ्यात बांधलेला असणार. तिला तो दाखवू नका. बाप-लेकीच्या संबंधातून जन्मणाऱ्या वासरात २५ टक्के अंतःप्रजनन (जवळच्या रक्तातली पैदास) येतं. प्रत्येक जनावराच्या रक्तात काही दोष लपलेले असतात. ते एका बाजूने आले तर दिसत नाहीत, दोन्ही बाजूंनी आले की उघडे पडतात. तुमच्या वळूत असा एखादा दोष दडलेला असेल तर लेकीत तो उतरण्याची शक्यता निम्मी, आणि तशा लेकीला पुन्हा बापच दाखवला तर चारात एक वासरू बाधित. म्हणजे सरासरीने आठात एक. एवढ्यावर भागत नाही. गाय सारखी उलटते म्हणजे गाभ न धरता परत माजावर येते, वासरू अशक्त जन्मतं, वाढ मंदावते. हे एका पिढीत ठळक दिसत नाही, म्हणून त्याचं खापर चाऱ्यावर आणि पाण्यावर फुटतं.

जाणते सांगतात ते अगदीच निराधार नाही. जवळच्या रक्तात भरवलं तर शिंगाची ठेवण, रंग, चेहरा एकसारखा येतो हे खरं. पण ज्यांनी जगात अशा जाती घडवल्या त्यांच्याकडे मोठे कळप होते, आणि बिघडलेला माल ते खाटकाकडे पाठवत होते. अँगस ही मांसाची जात आहे. न जमलेला वळू तिथे मांसाच्या भावाने जातो, मालकाचा निम्माशिम्मा खर्च निघतो. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर वळू आणि बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. पाच गाईंच्या दावणीत फसलेलं वासरू तुम्हालाच पोसावं लागेल. त्यामुळे खिलार पाळणाऱ्याला प्रयोगाची मोकळीक अँगसवाल्यापेक्षा फार कमी आहे, हे मनात धरून पुढचं सगळं ठरवा.

आणि अँगसवाल्यांनाही ही गोष्ट महाग पडली आहे. २००८ मध्ये अमेरिकेत अँगसची काही वासरं पाय आणि कणा वाकडे होऊन मेलेली जन्मू लागली. शोध घेतला तेव्हा माग एका अतिशय लोकप्रिय वळूच्या वंशापर्यंत गेला. त्याचं रेत देशभर वापरलं गेलं होतं, आणि त्याचे वंशज एकमेकांना दाखवल्यावर दोष वर आला. तिथे वंशावळी लिहिलेल्या होत्या म्हणून निदान माग तरी लागला, आणि पुढे रक्ततपासणी करून वाहक जनावरं वेगळी काढता आली. आपल्याकडे शर्यत जिंकलेल्या एखाद्या बैलाकडे चार तालुक्यांतल्या गाई रांग लावतात तेव्हा हेच घडत असतं, फक्त कुणी लिहून ठेवत नाही.

आता वळूचं काय करायचं? त्याला बदलायची वेळ झाली. गावात वळू ठेवायचा तर अडीच-तीन वर्षांनी तो फिरवावा लागतो, नाहीतर त्याच्याच लेकी त्याच्यासमोर येतात. तुमच्याकडे तेच झालं. दुसऱ्या भागातल्या एखाद्या खिलार पाळणाऱ्याशी अदलाबदल हा सगळ्यात स्वस्त मार्ग. आधी दोन्ही वळूंची ब्रुसेलाची (गर्भ पाडणाऱ्या संसर्गाची) रक्ततपासणी करून घ्या. गावभरच्या गाईंवर गेलेला वळू तपासल्याशिवाय दुसऱ्याच्या दावणीला बांधणं म्हणजे त्याच्या गाईंचे गर्भ पडायची सोय करणं. नवीन घेताना वृषणाचा घेरही टेपने मोजा, सगळ्यात रुंद जागी. दोन-अडीच वर्षांच्या वळूत तो २८ ते ३० सेंटीमीटर तरी हवा. दोन गोळ्यांत ठळक फरक असेल तर बाकी कितीही देखणा असो, सोडून द्या.

मात्र जुना वळू दावणीतून हलण्याआधी त्याचे केस काढून ठेवा. शेपटीच्या गोंड्यातले चार-पाच केस बोटाला गुंडाळायचे आणि एका हिसक्यात उपटायचे. असे ३०-४० केस जमवायचे. टोकाला पांढरट गाठ, म्हणजे मूळ दिसलं पाहिजे, कारण डीएनए त्या मुळात असतो. कात्रीने कापलेले केस कामाचे नाहीत. साध्या कागदी पाकिटात कोरडे ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि नमुना सडतो. पाकिटावर कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि तारीख लिहा. त्या तीन वासरांचे आणि त्यांच्या आयांचेही असेच काढा. डीएनएवरून बाप पटवण्याची तपासणी देशात होते. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या प्रयोगशाळेत ती सोय आहे. नमुना कसा आणि किती पाठवायचा हे आधी विचारून घ्या, तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांची मदत घ्या. लगेच तपासायलाच पाहिजे असं नाही. पण वळू एकदा गेला की त्याचे केस मिळणार नाहीत.

तुमचा मूळ प्रश्न कागदाचा. अँगसच्या लिलावात दिसणारा कागद एका माणसाने छापलेला नसतो. ॲबर्डीन-अँगसचं पहिलं वंशपुस्तक १८६२ मध्ये निघालं आणि अमेरिकेतली संघटना १८८३ मध्ये स्थापन झाली. तेव्हापासून हजारो मालक एकाच ठिकाणी जन्म, बाप आणि आई कळवत आले, पुढे वजनंही. त्यातून नातेवाइकांची तुलना करून प्रत्येक वळूच्या संततीचा अंदाज काढतात. पाच गाईंच्या वहीतून तसले आकडे निघत नाहीत, ते काढायचा नादही करू नका. आपल्याकडे केंद्र सरकारच्या कळपनोंदणी योजनेत गीर, कांकरेज, हरियाना, ओंगोल या गाई आहेत. खिलार त्यात नाही. शिवाय अँगसचा सगळा हिशेब वजनाचा आणि मांसाचा. खिलार ही ओढकामाची जात, आणि चाल, खूर, दम, स्वभाव यांचा आकडा अजून कुणी बसवलेला नाही. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीममध्ये गाईंसाठीची 'गौ चिप', म्हणजे डीएनए वाचून जनावराची गुणवत्ता जोखायचं साधन, जाहीर झाली. पण चिपला शिकवायला मोजलेली माहिती लागते. दुधाची ती जमते आहे, ओढीची कुठे आहे?

म्हणून अँगसकडून आकडे नाही, शिस्त घ्या. वंश लिहिला जातो तो गाय भरवली त्या दिवशी. नंतर आठवून लिहिलेला कागद कागद नव्हे.

दोनशे पानी पक्क्या बांधणीची वही आणा, सुटे कागद नकोत. प्रत्येक गाईला दहा पानं. वर तिचा १२ अंकी बिल्ला नंबर, दात, रंग, शिंगांची ठेवण, अंगावरचे केसांचे भोवरे. बिल्ला कधी कधी फाटून पडतो, म्हणून मुसकटाचा ठसा घ्या. नाकपुडीचा ओलावा फडक्याने टिपायचा, शिक्क्याच्या पॅडची शाई लावायची आणि जाड कागद हलक्या हाताने दाबायचा. पहिले दोन फासतात, तिसरा नीट येतो. माणसाच्या अंगठ्यासारखा तो दर जनावराचा वेगळा असतो आणि वयाने बदलत नाही.

मग माज. खिलारचा माज आखूड आणि मुका असतो, बऱ्याचदा रात्री येऊन जातो. सोटाचा (योनीतून येणाऱ्या स्रावाचा) चिकट तार, दुसरीवर चढणं, शेपटी बाजूला धरणं, हंबरणं यातलं जे दिसलं त्याची वेळ लिहा. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. भरवणारा आला की कांडी रेत सोडायच्या बंदुकीत घालण्याआधी तिच्यावरचं छापील वाचून घ्या : वळूचा नंबर, जात, केंद्र, तारीख. मोबाइलचा उजेड लागतो, अक्षर बारीक असतं. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद धरली पाहिजे. खिशात, काखेत किंवा बगलेत गरम करणारा असेल तर गाय उलटल्याचा दोष गाईला देऊ नका. काम झालं की रिकामी कांडी मागून घ्या, पुसून सेलोटेपने वहीत त्या तारखेसमोर चिकटवा. तोंडी सांगितलेल्या नंबरापेक्षा ही चिकटवलेली कांडी दहा पटींनी भारी. पुढे कुणी शंका घेतली तर तुम्ही वही उघडायची, एवढंच.

कांडी मागताना 'खिलारची द्या' एवढ्यावर थांबू नका. कोणत्या नंबरच्या वळूची, हे विचारा. उरुळी कांचनच्या बाएफ या संस्थेकडे आणि राज्य पशुधन विकास मंडळाच्या केंद्रांवर देशी जातींचं गोठीत रेत तयार होतं. तुमच्या दावणीत एका नंबराच्या कालवडी झाल्या की पुढच्या फेरीत तो नंबर बंद. आणखी एक. लिंगनिश्चित रेताने साधारण ९० टक्के कालवडी होतात म्हणून त्याचा बोलबाला आहे, आणि दुधाच्या गाईला ते ठीकच. खिलारचा पैसा खोंडात असताना ते वापरायचं का, हे भरवणाऱ्याने नव्हे, तुम्ही ठरवायचं.

सगळ्यात मोठा घोळ कशाने होतो सांगतो. सकाळी कांडी भरली आणि चरायला सोडलेल्या गाईवर दुपारी गावचा मोकाट वळू गेला. वहीत नंबर कांडीचा, वासरू मोकाटाचं. भरल्यावर दोन दिवस गाय बांधून ठेवा. एकाच माजात किंवा लागोपाठच्या दोन माजांत वेगवेगळे बाप आले असतील तर व्यायल्याच्या तारखेवरून बाप ठरवू नका. गाभणकाळ सरासरी २८५ दिवस धरला तरी दोन्हीकडे आठ-दहा दिवसांचा फरक सहज पडतो. अशा वासरापुढे 'बाप अनिश्चित' असं लिहा. लाज वाटायचं कारण नाही, अँगसच्या कळपातही दोन वळू फिरले असतील तर डीएनएशिवाय बाप मानत नाहीत. ६० ते ९० दिवसांत गाभण तपासणी करून तीही तारीख टाका.

व्यायल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे, पहिल्या दिवसभरात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा. वीस किलोच्या वासराला दोन लिटर. त्याच दिवशी वजन करा. पोत्यात घालून तागडीला लावलं तरी चालतं. फोटो काढताना टाळू दिसू द्या. खिलारच्या वासराच्या टाळूवर जन्मतः तांबूस गंजासारखी छटा असते आणि दोनेक महिन्यांत ती जाते. जन्माच्या फोटोत ती असेल तर फोटो खरंच कोवळ्या वासराचा आहे हे जाणत्या गिऱ्हाइकाला बोलावं न लागता कळतं. जुळ्यात गोऱ्हा आणि कालवड झाली तर कालवड बहुतेक वांझ निघते. तिला पैदाशीची म्हणून विकू नका.

वजनाची एक पद्धत मात्र अँगसवाल्यांची जशीच्या तशी उचलण्याजोगी आहे. ते दूध तुटतानाचं वजन २०५ दिवसांवर आणून बसवतात, म्हणजे आठवडा-पंधरवडा मागेपुढे जन्मलेली वासरं एका मापात येतात. समजा जन्माला २० किलो होतं आणि १९० व्या दिवशी ९८ भरलं. वाढ ७८ किलो, भागिले १९०, गुणिले २०५, अधिक जन्माचे २० : आलं १०४ किलो. काटा नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचांत. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६०, की किलो. पण या आकड्याला आपल्याकडे एक फसवी बाजू आहे. खिलारच्या खोंडाला आईचं सगळं दूध आणि वर दुसऱ्या गाईचंही पाजायची पद्धत आहे. दोन गाईंचं दूध प्यालेला खोंड एका गाईच्या खोंडाशी तोलला तर तुम्ही रक्त नाही, दूध तोलताय. काय पाजलं ते शेजारीच लिहा.

'आटपाडीचंच कशावरून' याचं उत्तर रंगात शोधू नका. आटपाडी महालची करडी पांढरी, म्हसवडच्या नराची पुढची-मागची बाजू गडद आणि तोंडावर ठिपकेदार छाप, तापीकडच्याचं नाक आणि खूर गाजरी, ही वर्णनं बरोबरच आहेत. पण जनावर कुठल्या भागातलं वाटतं एवढंच ती सांगतात, बाप सांगत नाहीत. शिंगं तर तासून, तेल लावून, शेंब्या घालून कशीही दाखवता येतात. तुमच्या वळूबद्दल व्यापाऱ्याने सांगितलेलं नातूपण कागदावर आणू नका. त्याच्या रकान्यात 'खरसुंडी यात्रेतून खरेदी, बाप-आजा अज्ञात' असंच जाईल. तो पहिली पिढी. गिऱ्हाइकाला सांगा, आई दावणीला आहे, बाप कोणता ते वहीत आहे, त्यामागचं ठाऊक नाही. यंदा भाव थोडा कमी येईल. पुढच्या पिढीच्या वासराला दोन्हीकडचे आजा-आजी लिहिलेले असतील आणि तेव्हा त्याच बाजारात तुमची वही एकट्याची असेल.

पाच गाईंचा खरा अडथळा वेगळाच आहे. खिलारच्या दोन वेतांतलं अंतर सहज पंधरा-सोळा महिने जातं, म्हणजे वर्षाला चारेक वासरं, त्यात दोन खोंड. दोनांतून निवड ती काय करणार? आसपासचे सहा-सात जण एकाच पद्धतीची वही ठेवायला तयार झाले तर तीस-पस्तीस गाई होतात, वर्षाला डझनभर खोंड येतात आणि त्यातले एक-दोनच वळू म्हणून ठेवायचे, असं म्हणता येतं. वळूही आपसांत फिरवता येतो. बाकीचे औताला. त्यांचं खच्चीकरण मान आणि वशिंड भरल्यावर पशुवैद्यकाकडून, भूल देऊन. चिमटा दोन्ही नसांना वेगवेगळा आणि थोडा वर-खाली लागला पाहिजे. एका रेषेत लागला तर कातडीचा रक्तपुरवठा तुटतो आणि पिशवी सडते.

१८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींचा कायदा कायम ठेवल्यापासून आदत खोंडांना गिऱ्हाईक जोरात आहे, त्यामुळे 'हा पळेल का' हा प्रश्न तुम्हाला येणारच. पळण्याची हमी कधीच देऊ नका. ती खुराक, सराव आणि हाकणाऱ्याच्या हातात असते. हमी द्यायची ती तपासता येईल त्याची. विक्रीच्या कार्डावर बिल्ला नंबर, मुसकटाचा ठसा, जन्मतारीख, आई, बाप आणि तो कशावरून, वजनं, लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या आणि लंपीच्या लसींच्या तारखा. कालवड असेल तर चार ते आठ महिन्यांच्या वयात दिलेली ब्रुसेलाची लस. भोवराही लिहा. तुमचा त्यावर विश्वास असो नसो, गिऱ्हाइकाचा असतो, आणि घरी गेल्यावर सापडलेला भोवरा भांडण लावतो. वळू म्हणून विकताना ब्रुसेला निगेटिव्हचा दाखला जोडा आणि ९० दिवसांत गाई गाभ धरल्या नाहीत तर काय, हे आधीच लिहून ठेवा. बदली जनावर की पैसे, आणि तपासणी कोण करणार. रुमालाखाली बोटं धरून ठरलेला भाव विसाराच्या पावतीवर आकड्यात आणि अक्षरात उतरवा, बिल्ल्याच्या नोंदीत मालक बदलून द्या. बिल्ल्याशिवाय आता बाजारात व्यवहार होत नाही.

यात्रेला न्यायच्या आधी लाळ्या-खुरकूताची लस किमान तीन आठवडे अगोदर झालेली असावी. दारातून निघताना टोचलेली लस बाजारात उपयोगाची नसते. गाडीसोबत पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला आणि एक माणूस हवा, एका ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त जनावरं नकोत. न विकता परत आलेलं जनावर २१ दिवस गोठ्याबाहेर वेगळं बांधा, त्याची पाण्याची बादलीही वेगळी. बदलीत येणाऱ्या नव्या वळूलाही हेच.

कालवडीचा घेर आजच घ्या. ५५ इंच घेर आणि ४८ इंच लांबी भरली तर ती २२० किलोची आहे, म्हणजे प्रौढ खिलार गाईच्या साठ-पासष्ट टक्क्यांजवळ, आणि पुढच्या माजाला कांडी चालेल. त्याहून बरीच कमी भरली तर दोन-तीन माज तारीख लिहून सोडून द्या. तोवर वळूला गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, दुहेरी दाव्याने बांधा.